पोटॅशचं पोतं आणि माझा गायगर मीटर

आधी कबूल करून टाकतो, पहिले तीन आठवडे मी घरी, मित्रांना आणि ऑफिसच्या ग्रुपवर रेडिएशनचे जे आकडे छातीठोकपणे सांगत फिरत होतो ते सगळे चुकीचे होते. थोडेथोडके नाही, चाळीस टक्क्यांनी. आणि मीटर बिघडलेला वगैरे काही नव्हता बरं का, बिघडलेला मी होतो.

झालं असं की मी हातात मावणारा एक गायगर मीटर, म्हणजे रेडिएशन मोजायचं यंत्र, स्वतः जोडला. बोर्ड ऑनलाइन मागवला, त्यात चायनीज काचेची ट्यूब यायची, पण सगळीकडे लोक जुन्या सोव्हिएत एसबीएम-२० ट्यूबचं फार कौतुक करतात म्हणून मी ती वेगळी मागवली आणि काचेवालीच्या जागी बसवली. चालू केलं, टिक... टिक टिक... टिक, स्क्रीनवर आलं ०.१४ मायक्रोसिव्हर्ट तासाला (सिव्हर्ट म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप). बायकोनी विचारलं हे जास्त आहे का कमी, मी म्हणलं नॉर्मल आहे ग. मग ओट्यावर ठेवला तर ०.२०, तिचा चेहरा बदलला, दोन मिनिटांनी तिथेच ०.०९, आता माझा चेहरा बदलला. त्या रात्री मी दिवाणाखाली, देवघरात, माळ्यावर, सगळीकडे हे यंत्र घेऊन रांगत होतो, आणि मुलगी मागनं टॉर्च धरून. तिला वाटलं बाबा झुरळं शोधतोय.

आता हे आतमध्ये काय चालतं ते सांगतो कारण सगळी मेख तिथंच आहे. एसबीएम-२० म्हणजे साधारण ११ सेंटीमीटर लांबीची, करंगळीएवढ्या जाडीची स्टीलची नळी, आत बराचसा निऑन वायू कमी दाबाखाली, मधोमध एक तार, आणि तारेवर ४०० व्होल्ट. एखादा किरण आत शिरला आणि त्यानी वायूच्या एका अणूचा जरी इलेक्ट्रॉन सोडवला तरी तो इलेक्ट्रॉन तारेकडे पळताना वाटेत अजून इलेक्ट्रॉन उडवतो, ते अजून उडवतात, आणि क्षणभर नळीतून करंट वाहतो. तीच ती टिक. बस. नळीला एवढंच कळतं की "काहीतरी येऊन गेलं". बीटा होता का गॅमा (हे किरणांचे दोन प्रकार), जोरात होता का हळू, कुठून आला, ह्यातलं काही काही कळत नाही. म्हणजे सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमननी नुसत्या रेघा मारत बसायचं, आत गेला तो ट्रक होता का सायकल ते लिहायचं नाही, असं.

मग स्क्रीनवर मायक्रोसिव्हर्ट येतं कुठून? गुणाकारातून. मिनिटाला जेवढ्या टिका, म्हणजे सीपीएम, त्याला एका आकड्यानी गुणायचं. एसबीएम-२० साठी लोक ०.००५७ धरतात, काचेच्या ट्यूबला ०.००८१ च्या आसपास. माझ्या बोर्डमधे अर्थातच काचेच्या ट्यूबचा आकडा होता. मी ट्यूब बदलली, आकडा बदलला नाही. मिनिटाला १७ टिका गुणिले ०.००८१ झाले ०.१४, खरं तर यायला पाहिजे होतं ०.१० च्या जरा खाली. हे लक्षात आलं तेव्हा आधी हसू आलं आणि मग जरा घाबरलोच, कारण मी त्या आकड्याकडे थर्मामीटर बघितल्यासारखं बघत होतो, आणि तो नुसता कोणीतरी लिहून ठेवलेला पाढा निघाला.

तेव्हापासून मी सीपीएमच बघतो. मायक्रोसिव्हर्ट पाहुण्यांसाठी.

तर आकडा दुरुस्त केला. पण मग किडा डोक्यात शिरला, की आकडा चुकीचा असू शकतो तर बाकीचं काय काय चुकीचं असेल? ट्यूबला ४०० व्होल्ट मिळतायत का? मल्टीमीटर लावला, दाखवले २९०. म्हणलं हे बघा, सापडलं! बोर्डवर एक छोटा प्रीसेट असतो, तो स्क्रूड्रायव्हरनी फिरवत फिरवत ४०० पर्यंत आणला, मल्टीमीटर काढला आणि समाधानानी चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर मिनिटाला नव्वद टिका. मग एकशेचाळीस. मी मीटर ओट्यापासून लांब नेला, गॅलरीत नेला, तरी तेच, उलट वाढतच चाललेलं. पाचव्या मजल्यावर उभं राहून मी खरोखर शेजारच्या बिल्डिंगमधल्या डेंटिस्टच्या दवाखान्याकडे संशयानी बघत होतो.

चूक काय तर साधी. हा ४०० व्होल्टचा सप्लाय अगदी नाजूक असतो, त्यात करंटची ताकद नसतेच. आपल्या नेहमीच्या मल्टीमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स असतो १० मेगाओहम, तो लावला की तोच व्होल्टेज खाली ओढतो. म्हणजे खरे ४०० असताना मला २९० दिसले, आणि मी दिसणारे ४०० केले तेव्हा प्रत्यक्षात झाले असणार साडेपाचशे. ह्या ट्यूबची चालायची जागा ३५० ते ४७५. त्याच्यावर गेलं की किरण येवो न येवो, नळी स्वतःच पेटत राहते, आणि बराच वेळ तसंच ठेवलं तर कायमची जाते. माझी वाचली, नशीब.

मग पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जाऊन १० मेगाओहमचे १०० रेझिस्टर आणले. दुकानदारानी दोनदा विचारलं, शंभर? एकाच व्हॅल्यूचे? ते सगळे एका पट्टीवर नागमोडी एकापुढे एक सोल्डर केले, झाला १००० मेगाओहम. हा मल्टीमीटरच्या एका पिनेला जोडून मोजायचं म्हणजे मीटरवर खऱ्याचा १०१ वा भाग दिसतो. ३.९६ व्होल्ट दिसले की समजायचं ४०० आहेत. बघायला अगदी गबाळं प्रकरण, पण मला त्याचा मीटरपेक्षा जास्त अभिमान आहे. एक सांगून ठेवतो, पावसाळ्यात ह्या असल्या जोडणीवर आणि बोर्डवर सुद्धा ओल धरते, सोल्डरिंगच्या चिकट्यावरून करंट झिरपतो आणि भलतेच काउंट येतात, त्यामुळे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन बोर्ड स्वच्छ घासायचा, आणि चालू असताना बोट लावायचं नाही. मी लावलंय. जिवाला धोका नव्हता पण आठवणीत राहतं.

आता व्होल्टेज बरोबर आहे हे नुसतं मीटरवर बघून भागत नाही, ट्यूबलाच विचारावं लागतं. त्यासाठी घरात काहीतरी असं पाहिजे जे रोज तेवढंच रेडिएशन देईल. अमेरिकेत हौशी लोक छोटे चेक सोर्स, म्हणजे मीटर तपासायचे किरणोत्सर्गी नमुने, सरळ विकत घेतात, आपल्याकडे सोर्स म्हणलं की अणुऊर्जा नियामक परिषद, म्हणजे एईआरबीचे नियम येतात आणि ते योग्यच आहे, त्या वाटेला आपण जायचं नाही. पण मी कराडकडचा शेतकऱ्याचा पोरगा, आमच्या सोप्यात उसासाठी आणलेलं पोटॅशचं पोतं कायम असतं.

पोटॅश, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. निसर्गात जेवढं पोटॅशियम आहे त्यातलं ०.०११७ टक्के पोटॅशियम-४० असतं, आणि ते किरणोत्सर्गी आहे, अर्धआयुष्य सव्वाशे कोटी वर्षं, त्यामुळे आपल्या हयातीत ते कमी व्हायची काळजी नाही. एक ग्रॅम पोटॅशियममधे सेकंदाला साधारण ३१ अणू फुटतात. ५० किलोच्या पोत्यात पोटॅशियम अंदाजे २५ किलो, करा हिशोब, सेकंदाला पावणेआठ लाख. नेटवर केळ्याचं रेडिएशन म्हणून जो विनोद फिरतो ना, त्या एका केळ्यात तेराएक. म्हणजे एक पोतं म्हणजे साठेक हजार केळी, रावेरहून ट्रक मागवावे लागतील. मी केळं मीटरला लावून बघितलंय अर्थातच, कोण नाही बघणार, काहीही होत नाही. नंतर ते खाल्लं.

आणि आत्ताच सांगतो म्हणजे गैरसमज नको, पोत्याला घाबरायचं कारण नाही. आमचे आजोबा त्याच पोत्यावर बसून तंबाखू मळायचे.

तर बाबांना म्हणलं पोतं जरा पुण्याला नेतो. ते म्हणाले, "आरं फ्लॅटमदी ऊस लावतूयास का काय?" शेवटी अर्धं भरलेलं पोतं डिकीत टाकून आणलं. त्यावर ट्यूब ठेवली की १७ चे सरळ ४१ होतात. मग एका रविवारी सकाळी ३४० व्होल्टपासून सुरू केलं, अर्धा तास मोजायचं, २० व्होल्ट वाढवायचे, परत अर्धा तास, असं ४८० पर्यंत. बायको माहेरी गेली होती म्हणून जमलं. कागदावर ग्राफ काढला तर सुरवातीला चढ, मग सपाट, आणि शेवटाला परत वर उचललेला. ह्या सपाट भागाला प्लॅटो म्हणतात, आपलं पाचगणीचं टेबललँड आठवा. व्होल्टेज त्या सपाटीच्या मधे ठेवायचं, म्हणजे बॅटरी जरा उतरली, दहावीस व्होल्ट इकडचे तिकडे झाले तरी काउंट हलत नाही. माझ्या ट्यूबची सपाटी पुस्तकातल्यासारखीच निघाली, ४०० वर ठेवली आणि प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाकून टाकला.

अर्धा अर्धा तास कशाला, एक मिनिट का नाही, असं मला एकानी विचारलं. ओट्यावर ०.२० आणि दोन मिनिटांनी ०.०९ का आलं त्याचं उत्तर पण ह्यातच आहे. कढईत ज्वारीच्या लाह्या फुटतात ना, कधी तीनचार एकदम, कधी क्षणभर शांत, तसं हे आहे. अणू घड्याळ बघून फुटत नाहीत. जेवढे काउंट मिळाले त्याचं वर्गमूळ काढायचं, तेवढी तरी चूक धरायचीच. मिनिटात १७ आले तर वर्गमूळ चार, म्हणजे १३ किंवा २१ आले तरी काहीही घडलेलं नाही. दहा मिनिटांत १७० आले तर चूक १३, आठ टक्के. रात्रभर ठेवला तर टक्काभर. आणि हे विकायचे मीटर दर पाचदहा सेकंदाला स्क्रीन बदलतात, माणूस बघतो आणि घाबरतो. कोणी फोटो पाठवून "हे बघ किती आलं" म्हणलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, किती वेळ मोजलंस?

पोत्यानी अजून एक गोष्ट शिकवली. ट्यूब आणि पोटॅशच्या मधे जेवायची दोन स्टीलची ताटं घातली, ४१ चे २१ झाले. म्हणजे वाढलेले जवळजवळ सगळे काउंट बीटाचे, जे एवढ्याशा पत्र्यात अडकतात, आणि थोडेसे गॅमा जे ताटातून पार जातात. पण ०.००५७ हा पाढा गॅमासाठी बनवलाय. बीटाच्या टिकांना त्यानी गुणून मायक्रोसिव्हर्ट सांगणं म्हणजे लिटरच्या मापानी कापड मोजणं. व्हिडिओत लोक जुन्या गॅसबत्तीच्या मेंटलला, म्हणजे जाळीला, त्यात किरणोत्सर्गी थोरियम असतं, मीटर टेकवून "इतके मायक्रोसिव्हर्ट!!" ओरडतात तो आकडा ह्याच जातीचा. मेंटल खरंच किरणोत्सर्गी असतो, आमच्या गावच्या मंडळाच्या अडगळीत एक जुनं पाकीट सापडलं त्यावर मला दोनशेच्या वर सीपीएम मिळाले, पण त्याला नीट नाव द्यायचं तर सीपीएमच द्यावं. (तो मेंटल पिशवीतून बाहेर काढून चुरगाळू नका, धूळ पोटात किंवा छातीत जायला नको, एवढं पथ्य.)

इतकं झाल्यावर मला वाटलं आपण आता तज्ज्ञ झालो. मग दिवाळीला मामेभाऊ भेटला.

तो तळोजाकडे रेडिओग्राफीत आहे, म्हणजे हॉस्पिटलातली नाही, पाइपाच्या वेल्डिंगचे फोटो काढतात ती, इरिडियम-१९२ वाली. रात्री काम, दोरी बांधून एरिया बंद करायचा, लांबून क्रँक फिरवून किरणोत्सर्गी सोर्स कॅमेऱ्याबाहेर, म्हणजे तो ठेवायच्या जाड डब्याबाहेर, ढकलायचा, वेळ झाली की परत आत ओढायचा. त्याला मोठ्या हौसेनी माझा मीटर दाखवला, प्लॅटोचा ग्राफ दाखवला. त्यानी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाला, "दादा, हा शून्य कधी दाखवतो?" मी म्हणलं शून्य कसा दाखवेल, आजूबाजूचं नैसर्गिक रेडिएशन, बॅकग्राउंड, असतंच की. म्हणाला, "तेच तर. आम्हाला शून्याची भीती वाटते."

त्याचं म्हणणं असं. किरणांची एक टिक झाली की ट्यूब काही क्षण आंधळी असते, एसबीएम-२० ला तो वेळ १९० मायक्रोसेकंदाच्या आसपास. घरात मिनिटाला १७ टिका, काय फरक पडतो. पण फार जोराच्या रेडिएशनमधे एक टिक संपायच्या आत दुसरी, तिसरी, शंभरावी, ट्यूबला डोळे उघडायला उसंतच नाही, आणि साधा मीटर असेल तर काटा वर जाण्याऐवजी खाली येतो, पार शून्यावर सुद्धा. म्हणजे सोर्स बाहेर अडकलाय आणि मीटर म्हणतोय सगळं ठीक. म्हणून त्यांचे सर्व्हे मीटर अशा वेळी फुल स्केलला चिकटून राहतील असे बनवलेले असतात, आणि तरीही काम सुरू करायच्या आधी तो बॅटरी बघतो, मीटर कॅमेऱ्याच्या अंगाला लावून नेहमीचा आकडा येतो का ते बघतो (बऱ्याच कॅमेऱ्यांचं शिल्डिंग डिप्लिटेड युरेनियमचं असतं, सोर्स आत असला तरी पृष्ठभागावर थोडं रेडिएशन लागतंच), मगच पुढे. छातीला डोस नोंदवणारा टीएलडी बॅज असतोच, पण तो तीन महिन्यांनी वाचायला जातो. "बॅज नंतर सांगतो किती खाल्लं, मीटर आत्ता सांगतो खाऊ नको," हे त्याचंच वाक्य. त्याच्या मीटरवर कॅलिब्रेशनचा स्टिकर, तारीख, करेक्शन फॅक्टर, सगळं. तारीख उलटली तर तो मीटर साइटवर न्यायचा नाही म्हणजे नाही.

दिल्लीतलं मायापुरी आठवतंय का, २०१० सालचं? विद्यापीठातलं जुनं गॅमा इरॅडिएटर, म्हणजे गॅमा किरणांचा मारा करायचं यंत्र, भंगारात गेलं, भंगारवाल्यांनी ते कापलं, आत कोबाल्ट-६० होतं, एक माणूस गेला आणि बाकीचे काही भाजले. त्या भंगार बाजारात कोणाकडे साधा टिकटिक करणारा मीटर जरी असता, असं मी भावाला म्हणलं. तो म्हणाला असता तर, आणि त्याचा आवाज कशाचा आहे हे कळणारा माणूस असता तर.

तर मग मी ठरवलं की एकदा रीतसर करून घ्यायचं. पुण्यातल्या एका मान्यताप्राप्त लॅबला फोन केला, त्यांना घरी बनवलेला मीटर म्हणल्यावर जरा गंमत वाटली पण फी भरा म्हणाले, भरली. तिथे किरणोत्सर्गी सिझियम-१३७ शिशाच्या मोठ्या डब्यात असतं, समोर रुळावर सरकणारं टेबल, लेझरनी ट्यूबचा मध्य जुळवतात, कारण अंतर दुप्पट झालं की डोस चौथाई होतो, त्यामुळे जवळच्या अंतरावर एखादा सेंटीमीटर चुकला तरी निकाल बिघडतो. सिझियमचं अर्धआयुष्य तीस वर्षं, म्हणजे सोर्स वर्षाला सव्वादोन-अडीच टक्क्यांनी म्हातारा होतो, ते पण हिशोबात धरतात. मला आत अर्थातच जाऊ दिलं नाही, काचेतून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर माझ्या पिवळ्या डब्याचा आकडा दिसत होता, दहावीच्या निकालासारखं पोटात गोळा.

निकाल असा. खरे १० मायक्रोसिव्हर्ट असताना माझा म्हणाला १०.२. शाब्बास. खरे १०० असताना ९७. ठीक. खरे १००० असताना ६५४. बघा, तिथे भावाचा आंधळा क्षण. घरी येऊन गणित केलं, ६५४ म्हणजे सेकंदाला साधारण १९१२ टिका, प्रत्येकीला १९० मायक्रोसेकंद म्हणजे एका सेकंदातले ०.३६ सेकंद ट्यूब झोपलेली. उरलेल्या ०.६४ नी भागलं की खऱ्या टिका ३००० च्या आसपास, आणि उत्तर हजाराच्या वर थोडंसंच, तेच दोनतीन टक्के जास्त जे खाली १० ला पण होते. एवढं सुंदर जुळलं की मी उठून पाणी प्यायलो. आता प्रोग्राममधे हे करेक्शन टाकलंय, आणि डब्याच्या मागे चिकटपट्टीवर लिहिलंय: "गॅमा, सिझियमवर, १००० पर्यंतच." कमी एनर्जीच्या एक्सरेला ही ट्यूब खऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त ओरडते, त्यामुळे डेंटिस्टवरचा संशय मीटरनी सिद्ध करायचा नादच सोडला.

त्यानंतर मात्र मजा यायला लागली, कारण आता फरक दिसला तर तो खरा असतो. कामानिमित्त बंगळूरला गेलो, हॉटेलच्या खोलीत रात्रभर ठेवला, २९. पुण्यात १७. आपण बेसॉल्टवर राहतो, काळ्या कातळात युरेनियम थोरियम फार कमी, तिकडे ग्रॅनाइट आणि नाइस नावाचा खडक. माझा तो बदनाम झालेला काळा ओटा? दुकानदार त्याला ग्रॅनाइट म्हणतो, पण असे काळे दगड बहुतेक वेळा डोलेराइट किंवा गॅब्रो असतात, बेसॉल्टचेच भाऊबंद. सहा तास मोजलं, हॉलमधे आणि ओट्यावर काही फरक नाही. बायकोला लेखी दिलं. दिल्लीच्या विमानात वर गेल्यावर दीडशेच्या पुढे गेला, आणि तिथे न्यूट्रॉन पण असतात जे ह्या ट्यूबला जवळजवळ दिसत नाहीत, म्हणजे खरं त्याहून जास्त.

सगळ्यात आवडलेला प्रयोग वळवाच्या पावसाचा. मे महिन्यात संध्याकाळी धो धो कोसळला, थांबल्या थांबल्या खाली जाऊन गाडीचं बॉनेट टिशूनी पुसलं, घडी करून ट्यूबला लावलं, ६८. हवेतल्या रेडॉन ह्या किरणोत्सर्गी वायूची पिल्लं, म्हणजे शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४, पावसानी धुऊन खाली आणलेली. बॅकग्राउंड वजा केल्यावर अर्ध्या तासात निम्मं, तासाभरात चौथाईच्या जवळपास, रात्री जेवणं होईपर्यंत परत १७. जुलैत तोच प्रयोग केला तर जेमतेम २४. मला वाटतं मोसमी वारा समुद्रावरून येतो, समुद्रावर रेडॉन निघायला जमीनच नाही, म्हणून असेल.

बाबांचा परवा फोन आला, पोतं माघारी कधी आणतोस, उसाची लागण झालीय, भरणीला पाहिजे. गेल्या आठवड्यात देऊन आलो. दोन किलो मात्र बरणीत काढून ठेवलंय, झाकणाला मेण लावून, पोटॅश पावसाळ्यात पाणी धरतं म्हणून, वर तारीख, वजन आणि सीपीएम लिहून. आईनी ती बरणी बघितली आणि विचारलं, मीठ का रे हे?